पेटंट आणि ट्रेडमार्क अर्जांचे क्रमांक कसे वाचावेत?

प्रश्न (चोपडा, जि. जळगाव)
केळीच्या खांबापासून धागा काढणाऱ्या यंत्रात केलेल्या सुधारणेसाठी मी पेटंटचा आणि घरच्या केळी वेफर्सच्या नावासाठी ट्रेडमार्कचा अर्ज केला आहे. पेटंटचा क्रमांक बारा अंकी असून तो २०२५२१ ने सुरू होतो. ट्रेडमार्कचा मात्र सात अंकी आहे. पेटंटच्या शोध-पानावर माझा अर्ज सापडत नाही. तो पोहोचलाच नाही, असे समजावे काय? वेफर्सच्या पाकिटावर कोणता क्रमांक छापावा?

उत्तर १ (धुळे)
क्रमांक मिळाला म्हणजे अर्ज पोहोचला. शोध-पानावर केवळ प्रसिद्ध झालेले अर्ज दिसतात आणि प्रसिद्धी साधारणपणे अठरा महिन्यांनंतर होते. लवकर हवी असल्यास वेगळे शुल्क भरून तशी विनंती करता येते. आपल्या क्रमांकातील २०२५ हे वर्ष, त्यापुढचा २ म्हणजे मुंबई कार्यालय (दिल्ली १, कोलकाता ३, चेन्नई ४) आणि १ म्हणजे साधा अर्ज. पीसीटी या आंतरराष्ट्रीय पेटंट करारामार्फत भारतात आलेल्या अर्जाला तेथे ७ असतो. उरलेले सहा अंक चारही कार्यालयांचे मिळून चालणारे अनुक्रमांक आहेत. २०१६ पूर्वीच्या अर्जांत मधोमध ‘एमयूएम’ अशी कार्यालयाची अक्षरे असत, तेव्हा जुने कागद पाहताना गोंधळू नये. पेटंट मंजूर झाल्यावर त्याला निराळा क्रमांक मिळतो.

उत्तर २ (जळगाव)
ट्रेडमार्कमध्ये याच्या उलट आहे: अर्जाचाच क्रमांक नोंदणीनंतरही कायम राहतो, पण त्यावरून ना वर्ष कळते, ना कार्यालय, ना वर्ग (म्हणजे मालाचा ठरलेला गट). वेफर्स वर्ग २९ मध्ये येतात; उद्या मसाला काढलात तर तो वर्ग ३० मध्ये जाईल. पाकिटावर क्रमांक छापण्याची सक्ती नाही. नोंदणी होईपर्यंत ‘टीएम’ लिहावे, वर्तुळातील ‘आर’ लिहू नये. नोंदणी नसताना तो वापरणे गुन्हा आहे. अर्जाच्या स्थितीत ‘ऑब्जेक्टेड’ (कार्यालयाचा आक्षेप) दिसले म्हणजे अर्ज फेटाळला असे नव्हे, परंतु तपासणी अहवाल मिळाल्यापासून एका महिन्यात उत्तर न दिल्यास अर्ज सोडून दिल्याचे धरले जाते. पुढे कार्यालयाच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये जाहिरात आल्यावर इतरांना हरकतीसाठी चार महिने असतात.

उत्तर ३ (नंदुरबार)
पेटंटची तपासणी आपोआप सुरू होत नाही, हे वर राहून गेले. त्यासाठी नमुना १८ अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत भरावा लागतो. पूर्वी ही मुदत ४८ महिने होती आणि अनेक एजंट अजून तीच सांगतात. शिवाय दोन्ही अर्जांत ईमेल कोणाचा दिला आहे ते आजच पाहा, कारण अहवाल त्याच पत्त्यावर येतात आणि आमच्याकडे तो एजंटाचाच निघाला.