तळ्यावरचा बर्फ गेला, हे तुम्ही कशावरून ठरवता?

मार्च सरत आला की सकाळी उठल्यावर आमची पहिली नजर मेंडोटाकडे जाते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं, मॅडिसन शहरातलं हे तळं साधारण एप्रिलच्या सुरुवातीला मोकळं होतं. इथल्या नोंदी 1850 च्या दशकापासूनच्या आहेत. तेव्हाच्या मानाने आता बर्फ जवळजवळ महिनाभर कमी टिकतो, असं त्या सांगतात. मला सगळ्यात आवडते ती इथली कसोटी. पिकनिक पॉइंटपासून मेपल ब्लफपर्यंत होडी वल्हवत नेता आली, की तळं उघडलं! माझा सात वर्षांचा मुलगा यंदा रोज संध्याकाळी वहीत तळं काढतोय: पांढरं किती, करडं किती, काळं किती. पांढरं संपून आठवडा झाला.

गोठणाऱ्या पाण्याकाठी राहिलेले तुमच्यातले बरेच जण आहेत. वाट पाहण्याचे अनुभव लिहा. आणि एक नक्की सांगा, बर्फ गेला हे तुमच्याकडे कशावरून ठरतं?

विनिपसॉकी, न्यू हॅम्पशायर

आमच्याकडे जहाजावरून ठरतं. 'माउंट वॉशिंग्टन' हे प्रवासी जहाज पाचही बंदरांना लागू शकेल एवढं पाणी मोकळं झालं, की आइस-आउट, म्हणजे बर्फ गेल्याचं, जाहीर होतं. त्यासाठी विमानातून पाहणी करतात. नोंदी 1887 पासूनच्या. त्यांत सगळ्यात उशिराची तारीख 1888 ची, 12 मे. सगळ्यात लवकरची 2024 ची, 17 मार्च. त्या 17 मार्चला मी इथेच होते. एरवी बातमी आली की आम्ही एकमेकींना फोन करून अक्षरशः ओरडतो. त्या दिवशीही फोन आले, पण "इतक्यात?" एवढंच बोलून दोघीही गप्प व्हायचो.

मेंडोटाच, पण पूर्वी

मी तिथे शिकायला होतो. मुलाच्या वहीतले ते तीन रंग वाचून राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बर्फ हळूहळू पातळ होत जातो आणि एक दिवस संपतो, अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. वर हिम साचलेलं असतं तोवर ते ऊन परतवून लावतं. ते वितळलं की ऊन थेट बर्फात शिरतं आणि बर्फ आतून सुटायला लागतो. स्फटिकांच्या सांध्यांवर तो आधी वितळतो, आणि अखंड लादीच्या जागी उभ्या कांड्यांची मोळी उरते. जाडी हातभर असेल, पण एकमेकींना धरून ठेवणारं काही राहिलेलं नसतं. म्हणून तो काळा दिसतो. प्रकाश परत न फिरता खाली पाण्यात जातो.

आणि वेळ का लागतो? शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून जवळजवळ 80 अंशांपर्यंत तापेल. आपण स्वेटर काढून फिरायला लागतो तरी तळं ढिम्म, ते यामुळे. सगळी उष्णता आत खर्ची पडत असते, बाहेरून काहीच दिसत नाही. मग एका दुपारी वारा सुटतो आणि काही तासांत सगळं संपतं.

ती दुपार मला एकदाच मिळाली. लाटेबरोबर कांड्या एकमेकींवर आपटत होत्या, काचेच्या बांगड्यांचा ढीग कुणी हलवत राहावा तसा आवाज. मी दोन तास उभा होतो. बर्फ गेला हे मी तरी त्या आवाजावरूनच ठरवेन.

मिनेसोटा, तळ्याचं नाव नको

वरचं 'हातभर जाडी' वाचून हे लिहावंसं वाटलं. शेजाऱ्यांचा कुत्रा मार्चअखेर बदकांमागे धावत गेला आणि काठापासून पन्नासेक पावलांवर आत पडला. शेजारी बूट काढून निघालेच होते. जानेवारीत याच बर्फावर गाड्या उभ्या होत्या, आता माणूस का जाणार नाही, असं त्यांना वाटलं. मी आणि माझ्या नवऱ्याने त्यांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं. ते आमच्यावर ओरडत होते, रडत होते. अग्निशमन दलाची माणसं तरंगणारे सूट घालून आली, पोटावर झोपून सरकत गेली आणि कुत्र्याला घेऊन आली. तो वाचला. शेजारी पुढे कितीतरी दिवस माझा हात हातात घेऊन नुसते उभे राहायचे.

कृपया, वसंतातल्या बर्फावर जनावरामागे जाऊ नका. काठावरून हाका मारा, मदत बोलवा. जनावर पुष्कळदा आपलं आपण बाहेर येतं, त्याच्यामागे गेलेला माणूस मात्र अडकतो.

मिल लॅक्स, मिनेसोटा

मे 2013 मध्ये इथे वाऱ्याने ढकललेला बर्फ काठ ओलांडून घरांच्या दारा-खिडक्यांतून आत घुसला होता. आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिलं, ढीग छपराला भिडले होते. तेव्हापासून वाऱ्याची दिशा पाहिल्याशिवाय मी "आता जाईल" असं म्हणत नाही.

व्हरमाँट

जोज पाँड या तळ्यावर 1988 पासून एक सिमेंटचा ठोकळा ठरवतो. ठोकळा बर्फावर ठेवतात, त्याची दोरी काठावरच्या विजेच्या घड्याळाला. ठोकळा बुडाला की प्लग निघतो आणि घड्याळ थांबतं. ते कधी होईल याची पैज लागते; तीत मी गेली सहा वर्षं तारीख-वेळ सांगतेय, एकदाही जवळपास नाही.

माझी स्वतःची खूण मात्र लून. या पक्ष्याला उडायला पाण्यावर लांब धावावं लागतं, त्यामुळे पुरेसं मोकळं पाणी नसेल तर तो उतरत नाही. रात्री त्याची हाक आली की मी उठून खिडकी उघडते, थंडी असली तरी.

यलोनाइफ, कॅनडा

आमच्या ग्रेट स्लेव्ह लेकला मे उजाडावा लागतो. हिवाळ्यात बर्फावरून डेट्टा गावाला साडेसहा किलोमीटरचा रस्ता असतो. तो एप्रिलमध्ये बंद झाला की मधला काळ सुरू होतो, धड चालता येत नाही, धड होडी जात नाही. माझी एक सहकारी हाउसबोटीवर राहते. त्या दिवसांत ती कनू, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, घेऊन निघते: एक पाय आत, दुसऱ्याने बर्फ रेटायचा. बर्फ खचला तर अंग कनूत टाकायचं, पुढे वल्हवायचं, पुन्हा बर्फ लागला की पुन्हा पाय बाहेर.

मी एकदाच तिच्याबरोबर गेले. रात्रीचे दहा वाजून गेले होते, तरी लख्ख उजेड. मध्ये बर्फ नुसता दबला, तुटला नाही. रबरासारखा खाली गेला आणि कडेने पाणी वर आलं. माझ्या घशाला कोरड पडली. तिने मागे न बघता विचारलं, "बसलीस ना नीट?" आणि रेटत राहिली. गेला हे कधी समजायचं, असं मी तिला विचारलं होतं. "दोन्ही पाय आत राहिले की," ती म्हणाली.

सुवा, जपान

माझा अनुभव उलटा आहे, चालेल का? सुवा सरोवरावर वाट गोठण्याची पाहतात. गोठलं की थंडीने बर्फ आकसून तडकतो, पुन्हा फुगतो आणि सरोवरभर कडकड वाजत एक उंचवटा उभा राहतो. देवाची पाऊलवाट म्हणतात तिला. 1443 पासून त्याच्या नोंदी ठेवल्या आहेत आणि आजही पुजारी हिवाळ्यात पहाटे काठावर येऊन बघतात. मी दोन हिवाळे तिथे काढले. पहाटे त्यांच्यामागे अंतर ठेवून उभा राहायचो. दोन्ही वर्षं पाणी हलत होतं. ते पाण्याचं तापमान घ्यायचे, लिहायचे आणि परत जायचे. तुम्ही सगळे 'कधी जाईल' म्हणताय ते वाचताना त्यांची आठवण आली.

पुन्हा मेंडोटा

सुवाचा अनुभव मुलाला वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलला नाही, मग वहीतलं पहिल्या दिवसाचं पूर्ण पांढरं चित्र काढून बघत बसला.

आज दुपारी पिकनिक पॉइंटच्या टोकापर्यंत चालत गेलो. काठाशी पाणी आहे, मेपल ब्लफच्या बाजूलाही आहे. मध्ये काळा पट्टा अजून अखंड. होडी जाणार नाही. उद्या वारा आहे म्हणतात.