‘निकाल’ लागला, दिला की लावला? जुन्या बातम्यांतला शब्द परत आणावा का?

मंगळवारपेठकर
आजोबांच्या ट्रंकेत कात्रणांची वही सापडली. खळीनं चिकटवलेली, कडा पिवळ्या पडून मोडायला लागलेल्या. एकाच पानावर मॅट्रिकचा निकाल, खुनाच्या खटल्याचा निकाल आणि कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती निकाली झाल्याची बातमी. मागच्या पानावर कुळकायद्याचे दावे निकाली निघाल्याची, आणि तिच्याखाली गावकऱ्यांनी दरोडेखोराचा ‘निकाल लावल्याची’.

शब्द एकच, पण वाचताना कुठंच अडखळायला झालं नाही, कारण अर्थ क्रियापद सांभाळतं. निकाल कोर्ट देतं, पोराचा लागतो, आणि ‘लावला’ म्हटलं की माणूस उरला नाही हे समजतं. आता शब्द तोच आहे, पण बातमी कसलीही असो, निकाल नुसता ‘समोर येतो’. कुठून येतो? बातमीदारांनी ही जुनी क्रियापदं परत वापरावीत असं माझं ठाम मत आहे.

जुना कारकून
दादा, अजिबात पटलं नाही. तीस वर्षं कचेरीत काढली. ‘अर्ज निकाली काढले’ हे वाक्य मी शेकडो वेळा लिहिलंय. त्यात मंजूर किती, फेटाळले किती, काहीच कळत नाही. आकडा दिसतो, माणूस दिसत नाही. आणि तेच वाक्य जसंच्या तसं बातमीत जायचं. ज्याचा अर्ज फेटाळला, त्याच्या घरी ‘निकाली’ म्हणजे काय वाटत असेल? एवढा सैल शब्द बातमीत नको. स्पष्ट लिहा : मंजूर, नामंजूर, रद्द.

तालमीतला
काका, कचेरीचं खरं असंल, पण आमच्या मातीत ‘निकाली’इतका स्पष्ट शब्द न्हाई. मैदानी कुस्तीत पाठ लागल्याबिगर निकाल न्हाई. दोघंबी तोलाचं निघालं, कुणाची पाठ लागंना, तर कुस्ती बरोबरीत सोडवायची. म्हणून जाहिरातीवरबी ‘निकाली कुस्त्यांचं जंगी मैदान’ असं छापत्यात. शाहू महाराजांनी खासबाग बांधलं, १९१२ ला ते खुलं झालं, तवापासनं माणूस तिथं निकालच बघाय येतोय. मॅटवर गुण असत्यात, तिथं ‘गुणांवर विजयी’ लिवा. पण लाल मातीत घिस्सा डावावर पाठ लावली, आन् बातमीत ‘विजय मिळवला’ एवढंच? त्यात ना डाव दिसतोय, ना पाठ.

पंचगंगाकाठ
मी शाळेत मराठी शिकवते. मंगळवारपेठकरांचा क्रियापदाचा मुद्दा मला मोलाचा वाटतो, आणि त्याचा दाखला आपल्याच गावच्या प्रकरणात आहे. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा दिवाणांकडून छळ होतो असं लिहिल्याबद्दल संस्थानचे दिवाण बर्वे यांनी टिळक-आगरकरांवर अब्रुनुकसानीचा खटला भरला. १८८२ मध्ये मुंबईच्या हायकोर्टानं निकाल दिला. शिक्षा चार महिन्यांची, त्यातले १०१ दिवस दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. खटल्याचा निकाल लागला. महाराजांच्या हालांचा प्रश्न मात्र निकाली निघाला नाही, डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरला त्यांचा अंत झाला. ‘दिला’, ‘लागला’, ‘निघाला नाही’ या तिन्हींच्या जागी ‘निकाल समोर आला’ घालून बघा. सगळी गोष्टच सपाट होते. मुलांना मी हे फळ्यावर लिहून दाखवते, त्यांना लगेच कळतं.

जुना कारकून
बाई, दाखला चांगला दिलात. पण त्यात तुम्ही शिक्षा किती, कुणाला, कुठं हेही सांगितलंत, म्हणून तो निकाल समजला. नुसतं ‘प्रकरण निकाली’ छापलं असतं तर? माझं भांडण शब्दाशी नाही, त्याच्या आडून जे झाकलं जातं त्याच्याशी आहे. आणि त्या दरोडेखोराचं काय? जमावानं माणूस मारला आणि बातमीत ‘निकाल लावला’. खून झाला असं लिहायला हवं होतं.

मंगळवारपेठकर
काका, दरोडेखोराच्या बाबतीत माझी चूक झाली. ते वाचताना मला भाषेची गंमत वाटली, माणूस मेला हे ध्यानात राहिलं नाही. क्रियापदांचा हट्ट मात्र सोडत नाही.

तुमचं वाचून रात्री वही पुन्हा उघडली. कुळकायद्याच्या त्या कात्रणात गावांची नावं आहेत, निकाली दाव्यांचा आकडा आहे. आमच्या गावाच्या नावाखाली पेन्सिलीची रेघ आहे, आणि समासात आजोबांच्या बारीक अक्षरात लिहिलंय : ‘आपला विरुद्ध गेला.’