३ फुटी टाकीत रॅम, अपिस्टो आणि क्रिब एकत्र राहतील का?

पाणवेल
माशांची टाकी ३६ × १५ × १८ इंच, सुरू होऊन आठ आठवडे झाले. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १०. दोन स्पंज फिल्टर, आत फक्त १२ रमीनोज टेट्रा. पुण्यात आहे, बोअरचं पाणी: टीडीएस (विरघळलेले क्षार) ५२०, पीएच ७.८. घरच्या आरओचा टीडीएस ४०.
मनात असलेली यादी: जर्मन ब्लू रॅमची जोडी, बोलिव्हियन रॅमची जोडी, काकाटुओइडीज अपिस्टो (१ नर, २ माद्या), अगासिझी अपिस्टोची जोडी, क्रिबेन्सिसची (क्रिब) जोडी. दुकानात म्हणाले, सगळे बुटके सिक्लिड (हद्द राखणाऱ्या माशांचं कुळ), सगळे शांत, बिनधास्त टाका. यातले किती आणि कोणते ठेवावेत?

तळमोजणी
पाचांपैकी दोन. या माशांसाठी लिटर मोजू नका, तळ मोजा. तुमचा तळ ९१ × ३८ सेंमी. अपिस्टोची मादी गुहेभोवती साधारण २५ ते ३० सेंमी जागा आपली मानते, अंडी असताना त्याहून जास्त. रॅमची जोडी सपाट दगडाभोवती तेवढीच जागा अडवते. हिशोब तिथेच संपतो. वरचं सगळं पाणी टेट्रांचं, त्याचा या भांडणात उपयोग नाही.

क्रिब पहिल्यांदा काढा. हा पश्चिम आफ्रिकेतला मासा, नर १० सेंमीपर्यंत जातो, आणि पिल्लं झाली की ही जोडी अर्ध्याहून जास्त टाकी रिकामी करवते. त्यांच्या तोंडी अपिस्टो टिकत नाही. ३ फुटीत क्रिब हवेत तर तळाला फक्त क्रिब ठेवा.

काकाटुओइडीज आणि अगासिझी एकत्र नकोच. दोघेही गुहेत अंडी घालणारे, त्यामुळे भांडण एकाच गुहेसाठी. शिवाय माद्या इतक्या सारख्या दिसतात की नंतर कोणती कुणाची ते कळत नाही आणि संकराची पिल्लं पुढे भलत्याच नावाने फिरतात. एका टाकीत अपिस्टोची एकच जात.

काचडोह
राहिले दोन रॅम. नाव सारखं असलं तरी तापमान वेगळं. जर्मन ब्लू रॅम व्हेनेझुएला-कोलंबियाच्या उष्ण गवताळ मैदानांतला, त्याला २८ ते ३० अंश लागतात. २५ वर ठेवलात तर जेवण कमी होतं आणि आजार मागे लागतो. काकाटुओइडीज २४ ते २६ ला खूश. मधला म्हणून २७ ठेवतात ते मला पटत नाही, दोघांचंही अर्धवट होतं. अपिस्टो सतत उष्ण पाण्यात लवकर म्हातारे होतात, आणि बहुतेक जातींत उष्ण पाण्यात वाढलेल्या पिल्लांत नर जास्त निघतात.

म्हणून काकाटुओइडीज (१ नर, २ माद्या) आणि बोलिव्हियन रॅमची एक जोडी, तापमान २५ ते २६. एक गुहेत अंडी घालतो, दुसरा उघड्या सपाट दगडावर, म्हणजे मागण्या एकमेकांवर येत नाहीत. दोघेही जरा जड पाणी सोसतात. तुमच्या पाण्याला हीच जोडगोळी योग्य.

पाणी: १ भाग बोअर, २ भाग आरओ. (५२० + ४० + ४०) भागिले ३, म्हणजे टीडीएस २००. पीएच उतरवायची रसायनं ओतू नका. बोअरच्या पाण्यातला क्षार पीएच दोन दिवसांत परत वर नेतो आणि मासे त्या हेलकाव्यात आजारी पडतात. देशी बदामाची वाळून पडलेली ३-४ पानं टाका. पीएच फार उतरणार नाही, पण पाणी चहासारखं होतं, माद्यांना आडोसा मिळतो.

पाणवेल
पटलं. मग मांडणी कशी करू? आणि माद्या ओळखायच्या कशा? दुकानात सगळे राखाडी दिसतात.

तळमोजणी
वाळू बारीक, चाळलेली, दाणा १ मिमीच्या आत. ३ सेंमी थरासाठी १५-१६ किलो लागेल. धुण्याआधी चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, परत करा. संगमरवराची खडी आणि कोरल तर अजिबात नको.

गुहेसाठी करवंटीच उत्तम. काथ्या आणि आतलं खोबरं खरवडून काढा, १५-२० मिनिटं उकळा, पाणी बदलून पुन्हा तसंच दोनदा. खोबऱ्याचा कण राहिला की आठवड्यात पांढरी बुरशी धरते. काठाला २.५ ते ३ सेंमीची खाच पाडा, म्हणजे मादी आत जाईल आणि नर बाहेर राहील. नर आत शिरू शकला तर मादीला लपायला जागाच उरत नाही. दोन माद्यांना तीन करवंट्या, तोंडं एकमेकींकडे नकोत.

डाव्या दोन-तृतीयांशात करवंट्या, उजव्या कोपऱ्यात बोलिव्हियनसाठी १०-१२ सेंमीचा सपाट दगड, आणि दोघांच्या मध्ये वरपर्यंत येणारं लाकूड, त्याला अनुबियास किंवा जावा फर्न या पाणवनस्पती बांधलेल्या. तळाशी वाकून एका टोकाकडून बघा: दुसरं टोक दिसत असेल तर मांडणी चुकली. माशाला जे दिसतं त्यावरच तो धावून जातो.

मिशीवाला
मादीबद्दल: आकार बघून घेऊ नका. काकाटुओइडीजमधले दबलेले नर रंग आणि पंख आवरून मादीसारखेच वावरतात, त्यामुळे "२ माद्या" घरी येऊन महिन्यात पाठीवर नराचा तुरा दाखवू लागतात. पोटाखालचे पंख बघा: मादीत पुढची कड काळी, टोक गोलसर. नरात तेच पंख लांब आणि टोकदार होत जातात. बोलिव्हियनमध्ये खात्रीची खूण अंडी घालायच्या वेळीच दिसते, म्हणून चार-पाच लहान मासे घेऊन जोडी जमू द्या आणि उरलेले दुकानात परत करायचं आधीच ठरवून घ्या.

नवे मासे ३-४ आठवडे वेगळ्या टबात. पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा किंवा गुदद्वारातून डोकावणारे लाल धागे दिसले तर मोठ्या टाकीत जाऊ देऊ नका. लाल धागे म्हणजे कॅमालानस जंत, त्याला लेव्हामिसोल हे जंतांचं औषध.

टाकीत आधी अपिस्टोच्या माद्या, आठवड्याने नर, मग बोलिव्हियन. शेवटचे सोडताना दिवा बंद आणि दोन-तीन लाकडं हलवलेली, म्हणजे जुन्यांची हद्दही मोडते.

पाणवेल
तळाला सहा कोरीडोरस (तळ उकरणारे छोटे कॅटफिश) टाकले तर? आणि उन्हाळ्यात पाणी ३१ पर्यंत जातं.

काचडोह
कोरीडोरसला सिक्लिडची धमकी कळत नाही. अंडी राखणारी मादी टोचत राहते, तो तिथेच वाळू उकरत राहतो, आणि कधीकधी डोळाही गमावतो. वर टेट्रा आहेत तेवढे पुरे.

३१ साठी झाकण काढून पाण्यावर तिरका छोटा पंखा लावा, २-३ अंश उतरतात. पाणी रोज आटेल. ती भर फक्त आरओने घाला. बाष्प उडतं, क्षार मागे राहतात, वरून बोअरचं ओतत राहिलात तर टीडीएस चढत जाईल. आठवड्याचा बदल मात्र मिश्रणाने, साधारण ३२ लिटर, म्हणजे दोन बादल्या.

तळमोजणी
एक राहिलं. मादी एके दिवशी हळदीसारखी पिवळी आणि काळ्या खुणांची दिसेल, गुहेच्या तोंडाशी उभी. अंडी आहेत. तिसऱ्या दिवशी फुटतात, आणखी पाचेक दिवसांत पिल्लं पोहतात. या काळात ती नरालाही बडवते. दुसरी मादी हीटरमागे, वरच्या कोपऱ्यात, पंख मिटून लटकलेली दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका: तिला काढून स्पंज फिल्टर असलेल्या टबात ठेवा, किंवा टाकीत प्लास्टिकच्या जाळीचं विभाजन घाला. जाळी वाळूत रुतवा. खाली बोटभर फट राहिली तरी मादी उकरून पलीकडे जाते.