थंड पाण्याने दातांत कळ जाते, काय करावं? मुंबईत कुठे दाखवावं?

माहीमकर_ताई:
गेले काही महिने माठातलं पाणी प्यायलं तरी वरच्या डाव्या बाजूच्या दोन दातांत अशी कळ जाते की डोळे गच्च मिटावे लागतात. पाणी गिळलं की लगेच थांबते. कीड दिसत नाही. हिरडीजवळ दात पिवळट दिसतो आणि नख फिरवलं तर खाच लागते. सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट आठवडाभर वापरली, फरक नाही. सासूबाई लवंगेचं तेल लाव म्हणतात. एका दवाखान्यात तर पहिल्याच भेटीत रूट कॅनालचं बोलले. खरंच लागेल का? की दुसरी पेस्ट घेऊ?

परळचा_चाळकरी:
ताई, पेस्टचा निकाल आठवड्यात लावू नका. त्यात पोटॅशियम नायट्रेट असेल तर गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, आणि रोज दोनदा लावावी लागते. ब्रश झाल्यावर नुसतं थुंका, खळखळून चूळ भरू नका, नाहीतर लावलेलं औषध पाण्यात जातं.

गिरगावची_दंतवैद्य:
तोंड न बघता निदान करणार नाही, पण वरच्या डाव्या बाजूचे दात आणि नखाला लागणारी खाच हे वाचून पहिला प्रश्न हा: तुम्ही उजव्या हाताने ब्रश करता का? उजव्या हाताने घासणाऱ्यांचा जोर बऱ्याचदा डाव्या बाजूच्या सुळ्यावर आणि त्यामागच्या दाढांवर पडतो. ब्रश कडक असेल आणि हात आडवा करवतीसारखा चालत असेल तर हिरडी मागे सरकते आणि मूळ उघडं पडतं. मुळावर एनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कडक आवरण, नसतंच. खाली असतं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर, त्यात अतिसूक्ष्म नळ्या, नळ्यांत द्रव. थंड लागलं की तो द्रव हलतो आणि आतल्या नसेला कळतं. १९६० च्या दशकात स्वीडिश दंतसंशोधक ब्रॅनस्ट्रॉम यांनी मांडलेलं हे स्पष्टीकरण आजही सर्वांत ग्राह्य आहे. कळ एका क्षणात येते आणि जाते ती यामुळेच.

दुसरं कारण आंबट. सामू (pH, जितका कमी तितकं आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं, आणि लिंबू, कैरी, कोकम, कोला हे सगळे त्याच्या कितीतरी खाली असतात. पन्हं पिऊ नका असं मी कुणालाच सांगणार नाही. पण तासभर घोटघोट पिण्यापेक्षा जेवणाबरोबर एकदाच प्या, मग साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश लावू नका. सकाळी लिंबूपाणी आणि लगेच दात घासणे ही जोडी फार वाईट. रात्री आंबट ढेकर येत असतील तर दातांआधी पित्तावर उपचार हवा.

रूट कॅनालबद्दल: थंड गेल्यावरही दुखणं रेंगाळत असेल, गरम सोसत नसेल, रात्री ठणक्याने जाग येत असेल, तर आतली नस सुजल्याची शंका घ्यावी. चावताना कळ येत असेल तर दाताला चीर गेलेली असू शकते. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही नाही, तेव्हा तपासणी आणि गरज पडल्यास एक्स-रे झाल्याशिवाय हो म्हणू नका. फ्लोराइडचा लेप किंवा खाचेत दाताच्या रंगाचं फिलिंग एवढ्यावर बऱ्याचदा भागतं. लवंगतेलाने तेवढ्यापुरतं बधिर होतं, खाच भरत नाही, आणि जास्त लागलं तर हिरडी भाजते.

चिपळूणकर_वहिनी:
माझ्या सासूबाई तव्यावर तंबाखू भाजून मशेरी लावतात. दात शिवशिवत नाहीत म्हणतात!

गिरगावची_दंतवैद्य:
वहिनी, कळ जाणवत नाही म्हणजे दात चांगले असं नाही. मशेरी हा तंबाखूच आहे, तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच. त्यांना एकदा तरी तोंड तपासून घ्यायला न्या, गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा असेल तर वाट बघू नका. भरड लाल मंजनही रोज नको, दात झिजतात.

परळचा_चाळकरी:
दाखवायला महापालिकेचं नायर दंत रुग्णालय, मुंबई सेंट्रल स्टेशनजवळच. किंवा सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय. सकाळी लवकर पोहोचून केसपेपर काढा, रांग असते. विद्यार्थी तपासतात म्हणून वेळ लागतो, पण वर शिकवणारे डॉक्टर असतात आणि खर्च खाजगीपेक्षा खूप कमी.

माहीमकर_ताई:
हो, उजव्याच हाताने. नायरला जाते. तोवर काय करू?

गिरगावची_दंतवैद्य:
मऊ ब्रश आणा, पेनासारखा बोटांत धरा, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवा. तीच पेस्ट चालू ठेवा, बोटाने खाचेवर थोडी चोळून ठेवली तरी चालेल. जायच्या दिवशी वेदनाशामक गोळी घेऊ नका. हवेचा फवारा मारून तपासतात, कळ दबलेली असली तर नेमका दात सापडत नाही. आणि सध्याचा ब्रश पिशवीत टाकून न्या, केस कसे फाकलेत त्यावरून हाताचा जोर कळतो.