रुग्णालयाची प्रणाली लवचिक हवी, पण किती?

रात्रपाळी: आमच्या रुग्णालयात पेशंटच्या नोंदींची नवी संगणक प्रणाली घ्यायचं चाललंय. माझं मत सरळ आहे: फॉर्म, कामाचा क्रम, रिपोर्ट आपले आपल्याला बदलता आले पाहिजेत. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा एक रकाना वाढवून द्यायला विक्रेत्याने पाच आठवडे लावले. तोवर नोंदी कागदावर. नंतर त्या टाइप कोणी केल्या? आम्हीच, रात्री जागून. आता आयसीडी-११ ही आजारांच्या कोडची नवी जागतिक यादीही १ जानेवारी २०२२ पासून लागू झालीय. कोड बदलायची वेळ आली की पुन्हा तेच?

औषधखोली: साफ असहमत. तसली 'हवी तशी वळवा' प्रणाली आम्ही भोगलीय. दोन वर्षांत वॉर्डागणिक वेगळा फॉर्म. एका वॉर्डाने ॲलर्जीसाठी मोकळा रकाना केला, त्यात कुणीतरी लिहिलं 'पेनी. चालत नाही'. औषधाचा इशारा चालतो कोड असलेल्या यादीवर, त्याला हे दिसणार कसं? अमॉक्सिसिलिनची, म्हणजे पेनिसिलिनच्याच गटातल्या औषधाची, चिठ्ठी थेट माझ्या खिडकीवर आली. पेशंटनेच सांगितलं म्हणून निभावलं.

रात्रपाळी: हा दोष लवचिकतेचा नाही. कोणी काय बदलायचं हेच तुमच्याकडे ठरलं नव्हतं.

औषधखोली: ठरवणार कोण? समिती दोनदा भरते, तिसऱ्यांदा चहावालासुद्धा फिरकत नाही.

तारजोडणी: भांडताय फॉर्मवरून, दुखणं आहे खालच्या डेटात. एचएल७ म्हणजे रुग्णालयातल्या प्रणालींनी एकमेकींना माहिती पाठवायचं मानक. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत 'झेड'ने सुरू होणारे आपापले सेगमेंट, म्हणजे संदेशाचे तुकडे, जोडायची मुभा होती. लोकांनी मनसोक्त जोडले, आणि प्रत्येक जोडणीचा उलगडा नव्याने करत बसलो आम्ही. एचएल७च्याच नव्या 'फायर' मानकातही जादा माहिती 'एक्स्टेन्शन' म्हणून जोडता येते, पण तिची व्याख्या कुठे आहे तो पत्ता सोबत द्यावाच लागतो. ओपनईएचआर या नोंदींच्या खुल्या मानकाने तर वैद्यकीय संकल्पनांचे साचे सॉफ्टवेअरपासून वेगळेच काढलेत. तेव्हा फॉर्म हवे तेवढे वाकवा. ॲलर्जी, औषधं, तपासण्यांचे निकाल यांना हात लावायचा नाही. आणि डेमोत रंगीत डॅशबोर्डला भुलू नका. विक्रेत्याला म्हणा, एका चाचणी-पेशंटची अख्खी फाइल काढून दुसऱ्या प्रणालीत उघडून दाखव.

औषधखोली: दाखवतील की, पीडीएफ. नुसती वाचायची, दुसऱ्या प्रणालीला त्यातला डेटा वापरता येणार नाही.

तारजोडणी: मग नमस्कार करून उठायचं.

रात्रपाळी: पुढच्या बैठकीत ही चाचणी मांडते. ॲलर्जीला कुलूप, मान्य. वॉर्डाचे फॉर्म मात्र सोडणार नाही.

औषधखोली: नका सोडू. फक्त मोकळा रकाना वाढवण्याआधी एकदा खिडकीवर येऊन विचारा.