स्विफ्टचं पुढचं व्हील बेअरिंग घरी बदलता येईल का?

राजेंद्रनगरचा_मन्या
नमस्कार मंडळी. स्विफ्ट पेट्रोल, 2012 ची, 94,000 किलोमीटर, एबीएस नाही. महिनाभर झाला, 40 च्या वर गेलं की घूं घूं सुरू होतं आणि 70 ला तर आई म्हणते काच लाव, काच लावलेलीच असते. परवा इंदूरहून खंडवा रोडने ओंकारेश्वरला गेलो तेव्हा सिमरोलच्या घाटात लक्षात आलं की डावीकडे वळताना आवाज वाढतो आणि उजवीकडे वळताना जवळजवळ बंद. म्हणजे डावं बेअरिंग गेलं ना? गॅरेजवाल्याने दोन्ही बाजूंचे मिळून 5,500 सांगितले, म्हणे एकच बदलून चालत नाही. माझ्याकडे जॅक आहे, गोटी पान्यांचा सेट आहे आणि रविवार रिकामाच असतो. करू का, की नसता उद्योग?

लोकमान्यनगर_काका
अरे बाबा डावं नाही, उजवं! डावीकडे वळतोस तेव्हा वजन उजव्या चाकावर येतं, बोंबलतं ते बोजा पडलेलं बेअरिंग. पण आधी टायर बघ. टायरवर हात फिरव, खड्डे खड्डे लागले तर तोही अगदी असाच घूं घूं करतो. पुढचे टायर मागे टाकून बायपासवर एक चक्कर मार, आवाज मागून यायला लागला तर बेअरिंगला हात लावू नको. मी शहाण्यासारखी दोन बेअरिंगं बदलून बसलो होतो आणि दोष निघाला टायरचा, बायको अजून ऐकवते.

टायर ठीक असेल तर चाक उचल, वर-खाली धरून हलव. चाल आली, म्हणजे चाक ढिलं लागलं, तर आधी बॉल जॉइंट (चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा सांधा) बघून घे. चाल नाही आली म्हणून बेअरिंग चांगलं असंही नाही हं. एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरव, खरखर बोटांना कळते. आणि ज्याचा आवाज येतो तेच बदल, दुसऱ्याने तुझं काय बिघडवलंय?

सांवेर_रोड_पाना
होईल भिया, पण सगळं घरी नाही. या गाडीत पुढचं बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी तुकड्यात, प्रेसने दाबून बसवलेलं असतं, ते काढणं-घालणं खरादवाल्याच्या (लेथवाल्याच्या) प्रेसवर, बाकी सगळं तू कर.

मधला हब नट (हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग) गाडी जमिनीवर असतानाच ढिला कर, आधी त्याचा ठेचलेला काठ छिन्नीने उघड, मग लांब पाइप लाव, ब्रेकवर कोणीतरी बसव. गाडी उचलल्यावर स्टँड लाव, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नकोस. कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) तारेने स्प्रिंगला टांग, ब्रेकच्या होजवर लटकवू नको. टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणारी दांडी) जॉइंट सुटत नसेल तर थ्रेडवर ठोकू नको, नकलच्या कानावर बाजूने दोन दणके दे, टपकन सुटतो. स्ट्रटचे (स्प्रिंग-शॉकअपचा खांब) दोन बोल्ट काढण्याआधी नकल आणि स्ट्रट दोन्हीवर एक खूण ओरखडून ठेव, नाहीतर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलतो. नकल बाहेर ओढताना ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनची ताकद चाकाला देणारा दांडा) ताणू नको, आतला जॉइंट निघाला तर वेगळीच कटकट.

आता मुख्य गोष्ट, प्रेसवाल्याजवळ स्वतः उभा राहा. बेअरिंग नकलमध्ये जाताना दाब बाहेरच्या रिंगवरच पाहिजे आणि हब आत जाताना आतल्या रिंगला खालून टेकू. उलट झालं तर सगळा जोर बेअरिंगमधल्या छर्र्यांवरून जातो, त्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग आठवड्यात गुणगुणायला लागतं. मग लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट होता. जुनी आतली रिंग बहुतेक हबवरच चिकटून राहते, ती पुलरने, नाहीतर ग्राइंडरने चीर देऊन छिन्नीने काढतात, पण हब कापला जायला नको. बेअरिंग जागेवर अडवणारी सर्क्लिप विसरू नका.

नट नवा घे आणि टॉर्क, म्हणजे कसण्याचा जोर, मॅन्युअलमधलाच. टॉर्क रेंच नसेल तर भाड्याने आण. अंदाज म्हणून सांगतो, एक मीटर पाइपच्या टोकाला 20 किलो म्हणजे 200 न्यूटन मीटरच्या आसपास. पण हा फक्त अंदाज. नट कसल्याशिवाय गाडी ढकलूसुद्धा नको, वजन आलं की बेअरिंग तिथेच मरतं.

पलासिया_पांडू
मी हातोडा आणि जुन्या बेअरिंगची कटोरी वापरून घरीच बसवलं होतं. दोन महिने टिकलं. वरच्या भाऊंचं ऐका 😅

राजेंद्रनगरचा_मन्या
झालं! टायर मागे-पुढे करून बघितले, आवाज पुढेच, मग उजवीकडे स्प्रिंगवर हात ठेवला तर पिठाच्या गिरणीसारखी खरखर, डावं एकदम शांत. मी डावं खोलणार होतो, काकांना साष्टांग.

सकाळी नऊला सुरू केलं आणि दुपारी तीनला नकल हातात. अर्धा दिवस एका टाय रॉडने खाल्ला, तेल, शिव्या, तेल, मग शेवटी कानावर दणके. शनिवारी खरादवाल्याला विचारून ठेवलं होतं म्हणून रविवारीही दुकान उघडं मिळालं. तो सरळ आतल्या रिंगवर दाबायला निघाला होता, मी म्हटलं काका बाहेरच्यावर, तो माझ्याकडे बघतच राहिला पण मग गप बाहेरच्या मापाची कटोरी शोधून आणली. प्रेसचे 300, बेअरिंग, सर्क्लिप आणि नट मिळून 1,400. आवाज पूर्ण गेला.

फक्त स्टिअरिंग सरळ धरलं तर गाडी हलकीच उजवीकडे जाते. खूण केली होती, पण तेल पुसताना तीच पुसली गेली.

सांवेर_रोड_पाना
ओरखडून म्हटलं होतं, खडूने नाही. उद्याच अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून टाक, नाहीतर हाच टायर खड्डे पाडून पुन्हा घूं घूं करेल. आणि 100 किलोमीटर झाले की चाकाचे नट परत तपास.