काळ्या स्क्रीनवर मराठी दिसत नाई, टाइप बी होत नाई

दिग्रसचा_पोट्टा:
राजेहो, गावच्या वाचनालयातल्या जुन्या पीसीवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं हाय, रॅम कमी म्हणून डेस्कटॉप नाई. मेंबर लोकायची यादी पायथनच्या स्क्रिप्टनं निघते. पीसीसमोर बसलं तं मराठीच्या जागी नुसते चौकोन, आन घरच्या लॅपटॉपवरून एसएसएच केलं (म्हणजे नेटवरून त्या पीसीत शिरलं) तं फाइलीच्या नावात \३४०\२४४ असं काहीबाही येते. फॉन्ट टाकून पाह्यला, काईच फरक नाई. ग्रंथपाल काका म्हणतात इंग्रजीत यादी ठेव, पण मले ते पटत नाई, मानसाचं नाव त्याच्या लिपीतच दिसलं पायजे.

वर्धेकर_टर्मिनल:
भाऊ, हे दोन वेगळे लोचे हायेत, एकात एक नको गुंतवू. \३४०\२४४ म्हणजे तुही मराठी शाबूत हाय. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मधे (अक्षरं आकड्यात साठवाची पद्धत) ३ बाइटचं असते, त्यातला पयला कायम ३४० आन दुसरा २४४ नाईतं २४५, म्हणून तेच तेच दिसते. पीसीचं लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) 'सी' वर पडलं असन, मंग फाइलीची यादी दाखवणारी एलएस कमांड आकडेच छापते. 'सी डॉट यूटीएफ-८' लाव, डेबियनमधे ते आधीपासूनच असते. आन एसएसएचमधे तो पीसी फक्त बाइट धाडते, अक्षर जोडणं, फॉन्ट, टायपिंग सगळं तुह्या लॅपटॉपवर होते, त्याच्यासाठी तिकडे आयबस (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाकाची गरज नाई.

मेळघाट_७:
चौकोनांचं कारण वेगळं आहे. लिनक्सच्या नुसत्या कन्सोलमध्ये, म्हणजे डेस्कटॉपशिवायच्या काळ्या स्क्रीनवर, २५६ किंवा फार तर ५१२ आकृत्या मावतात, त्याही बिटमॅप म्हणजे ठिपक्यांच्या, तुमचा नेहमीचा ट्रूटाइप फॉन्ट तो बघतच नाही. आणि आकृत्या कशाबशा बसवल्या तरी जोडाक्षर लावणारं तिथे कोणी नाही, दिग्रस लिहिलं तर वेलांटी द च्या नंतर येऊन ग ला चिकटल्यासारखी दिसेल आणि पाय मोडलेला ग वेगळा, र वेगळा. पूर्वी सी-डॅक या सरकारी संस्थेच्या, पीसीत बसवायच्या जिस्ट कार्डात हे काम कार्डच करायचं म्हणून डॉसवरही मराठी चालायची. काकांसाठी ओपनबॉक्ससारखं खिडक्या दाखवणारं हलकं काहीतरी टाका, त्यावर एमएलटर्म किंवा केडीईचा कॉन्सोल हा टर्मिनल प्रोग्राम, लोहित नाहीतर नोटोचा देवनागरी फॉन्ट आणि आयबस-एम१७एन मधला मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड. जुना पीसी एवढं ओढेल.

दिग्रसचा_पोट्टा:
लोकेल लावलं, एसएसएचवर नावं चकाचक दिसून राह्यली! पण यादीतले रकाने वाकडेतिकडे येतात, आन 'कुऱ्हा' गाव शोधलं तं ग्रेप (शब्द शोधणारी कमांड) अर्धेच मेंबर दाखवते.

वर्धेकर_टर्मिनल:
रकान्याचं असं हाय, 'दिग्रस' डोयाले ३ अक्षरं, पायथनले ६, आन बाइट १८. पायथन ६ धरून जागा सोडते, टर्मिनल आपल्या हिशोबानं. मी तं आकडे आधी आन नाव शेवटच्या रकान्यात ठेवतो, कटकटच मिटते.

मेळघाट_७:
कुऱ्हाचं सांगतो. तो ऱ्ह दोन तऱ्हेने टाइप होतो, एक म्हणजे इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र चं बटण, मग हलन्त, मग ह. दुसरं म्हणजे साधा र, हलन्त, त्यानंतर झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह आणि मग ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, ग्रेपसाठी दोन वेगळे शब्द. युनिकोड नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची ठरलेली रीत) हे जुळत नाही, त्यामुळे स्क्रिप्टमध्येच दुसऱ्या तऱ्हेचा र, त्यातल्या झेडडब्ल्यूजेसकट, बदलून पहिल्या तऱ्हेचा करा आणि मगच सेव्ह करा, जुन्या फाइलीवरूनही एकदा फिरवा. काकांना शिफ्टवाला र तेवढा दाखवून ठेवा.